नवा संसार मांडताना: फ्रिज, पलंग आणि बादलीपर्यंतचा हिशेब

नाशिकला एम. जी. रोडच्या बाजूला घरगुती उपकरणांच्या एका दुकानात मी बरीच वर्षं हिशेब सांभाळला. लग्नसराईत नवी जोडपी यायची, बरोबर आई-वडील, हातात यादी. फ्रिज इतक्याचा, वॉशिंग मशीन इतक्याचं, पलंग इतक्याचा, खाली बेरीज. ती बेरीज महिनाभरात कोलमडायची, कारण त्यात वस्तूची किंमत असायची आणि वस्तू घरात येऊन चालू होईपर्यंतचा खर्च नसायचा. गेल्या दिवाळीनंतर माझ्या भाच्याने पाथर्डी फाट्याला भाड्याने वन बीएचके घेतला, तेव्हा मी त्या दोघांना समोर बसवून वही केली. तीच पद्धत इथे लिहिते. आकडे तुमचे तुम्ही घाला.

सगळ्यात आधी आहेराचा अंदाज घ्या. आपल्याकडे हे विचारायला लोकांना संकोच वाटतो, पण न विचारल्यामुळे तीन डिनर सेट, चार घड्याळं आणि दोन मिक्सर जमलेले मी पाहिलेत. मामा, आत्या, काका यांनी "काय देऊ?" असं विचारलं तर "काहीही चालेल" म्हणू नका. "मामी, कुकर आणि कढई तुमच्याकडून" असं सांगा. त्यांनाही बरं वाटतं. रुखवतात येणारी तांब्या-पितळेची भांडी आईने भांडी बाजारातून आधीच घेऊन ठेवलेली असतील, तर ती मोजून बाजूला लिहा. भाचेसूनबाईंच्या आईने डब्यांचा अख्खा सेट दिला, आमचा तेवढा खर्च वाचला.

मग रिकाम्या घरात टेप घेऊन जा. मोबाइलचा चार्जरही न्या आणि प्रत्येक पॉइंट चालू आहे का बघा. गिझर, वॉशिंग मशीन आणि एसीला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो. साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटला गिझर लावून वायर तापवू नका. मोठा पॉइंट जिथे हवा तिथे नसेल तर घरमालकाशी भाडेकरार करतानाच बोला, नंतर तो खर्च तुमच्यावर येतो. फ्रिज कुठे ठेवायचा तिथे फरशीवर वर्तमानपत्रं अंथरा, फ्रिजच्या मापाची, मागे हवेसाठी मोकळी जागा धरून. दरवाजा उघडल्यावर ओट्याला आपटतोय का, हे त्या कागदावरून लगेच कळतं. लिफ्टचं आणि जिन्याच्या वळणाचं मापही घ्या. अखंड पलंग किंवा मोठा सोफा जिन्यात अडला की हमाल पैसे वाढवून मागतात, आणि तेव्हा घासाघीस करायला आपल्या हातात काही नसतं.

घरात पाणी कुठलं येतं हेही याच फेरीत विचारा. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी येत असेल तर प्रश्न कमी. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं. जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर थर बसतो. आरओ मशीन घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा; पेनासारखं छोटं मीटर स्वस्तात मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याच्या बऱ्याच खाली पाणी असेल तर आरओची गरज नाही, किरणांनी जंतू मारणारा साधा यूव्ही फिल्टर पुरतो. किंमतही कमी आणि पाणीही वाया जात नाही.

आता आकडे. दोघांनी मिळून १,३०,००० रुपये बाजूला काढले होते, डिपॉझिट वेगळं. पहिलं काम मी केलं ते म्हणजे त्यातले २६,००० वेगळ्या खात्यात ठेवायला लावले. घर लागल्यावर दोन महिने त्याला हात लावायचा नाही. उरले १,०४,०००. त्यात शेगडी, मिक्सर, कुकर आणि राहिलेली भांडी १५,०००; गॅसची जोडणी आणि पहिलं सिलिंडर ५,०००; फ्रिज १६,५००; वॉशिंग मशीन १०,५००; पलंग, गादी, उशा, पांघरुणं २०,०००; लोखंडी कपाट ११,०००; गिझर ४,०००; किरकोळ सामान १५,०००; वाहतूक, हमाली आणि फिटिंग ७,०००.

किरकोळ सामानाला १५,००० ऐकून भाचा म्हणाला, "मावशी, एवढे कशाला?" मी त्याला लिहायलाच बसवलं. बादल्या, मग, झाडू, पोछा, कचऱ्याचा डबा, पायपुसणी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, चिमटे, पोळपाट-लाटणं, तवा, चिमटा-सांडशी, विळी, चाळण्या, गाळणी, मसाल्याचा डबा, पडदे, पडद्यांचे रॉड, ते लावायला ड्रिलवाला, एक्स्टेंशन बोर्ड, बल्ब, कुलूप, किल्ल्यांच्या जादा जोड्या, देवघराचा पाट, समई. हे कोणी आहेरात देत नाही आणि यातलं एकही नसलं तर पहिल्या सकाळी अडतं. यादी संपेपर्यंत त्याने स्वतःच आकडा मान्य केला. मेन रोड आणि रविवार कारंज्याच्या बाजूला हे सामान एका दुपारी होतं. ऑनलाइन एकेक मागवत बसलात तर महाग पडतं.

आता वाहतूक आणि फिटिंगचे ७,००० कुठे जातात ते वॉशिंग मशीनवरून सांगते. सेमी-ऑटोमॅटिक घेतलं, दर ठरला, डिलिव्हरी फुकट. मशीन बाथरूमजवळ आलं तेव्हा तिथल्या नळाला पाइप बसेना, म्हणून अडॅप्टर. बाहेर सोडायचा पाइप मोरीपर्यंत पोहोचेना, म्हणून जादा पाइप. फरशीला उतार, त्यामुळे मशीन हलतं, म्हणून स्टँड. प्लंबरची मजुरी. वर झाकायचं कव्हर. प्रत्येक गोष्ट दोन-चारशेची, पण मशीनच्या किमतीवर सहज दीड हजार चढले. दुकानात बसून मी हेच बिलांवर बघत आले. म्हणून मोठ्या वस्तूच्या किमतीपुढे दहा ते पंधरा टक्के जास्त धरून लिहा आणि दर विचारताना पाच गोष्टी एका दमात विचारा: डिलिव्हरी कितव्या मजल्यापर्यंत, बसवायचे पैसे, स्टँड, पाइप, आणि जुनी वस्तू द्यायची असेल तर तिचे किती.

फुल्ली ऑटोमॅटिक का नाही घेतलं? भाड्याचं घर वरच्या मजल्यावर आहे, टाकी डोक्यावरच असल्याने नळाला दाब कमी. ऑटोमॅटिक मशीन दाबाअभावी भरायला वेळ घेतं किंवा एरर दाखवून थांबतं. दाब चांगला असेल आणि दोघंही नोकरी करत असाल तर ऑटोमॅटिक जरूर घ्या, वेळेलाही किंमत आहे.

फ्रिजच्या बाबतीत मी हट्टी आहे. दोघांना १८०-२०० लिटरचा सिंगल डोअर पुरतो. मोठा फ्रिज घेतला की त्यात शिळं साठतं. स्टारचं लेबल नीट वाचा. त्यावर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो. समजा दोन मॉडेलमध्ये वर्षाला ५० युनिटचा फरक आहे आणि तुमच्या बिलात युनिट साधारण ९ रुपयांना पडतं, तर वर्षाला ४५० रुपये वाचतात. किमतीत फरक दोन हजारांचा असेल तर साडेचार वर्षांत वसूल, फ्रिज त्याहून जास्त चालतो, घ्या. फरक सहा हजारांचा असेल तर सोडा. महावितरणचं बिल १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतं, त्यामुळे तुम्ही कोणत्या टप्प्यात आहात त्यावर युनिटचा दर धरा.

एसीचं गणित मात्र वेगळं. त्याच्या लेबलवरचे युनिट वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेले असतात. नाशिकमध्ये एप्रिल-मे सोडला तर रात्री एसी लागत नाही. साठ रात्री रोज सहा तास धरले तरी ३६० तासच होतात, म्हणजे लेबलवरच्या बचतीचा जेमतेम पाव हिस्सा तुमच्या पदरात पडतो. पहिल्या वर्षी एसी घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. आपला उन्हाळा कोरडा असतो, कूलर उत्तम चालतो; फक्त खिडकी थोडी उघडी ठेवायची. पावसाळा लागला की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा तो कुठे ठेवणार याची जागा आधी बघा. पंखे घरमालकाचे जुने असतील तर राहू द्या. स्वतःचे घ्यायचे असतील तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, हा तीसच्या आसपास. घर बदललं की काढून नेता येतो.

घर कोणत्या महिन्यात लावताय त्यावर क्रम ठरतो. दिवाळीनंतर लावत असाल तर गिझर आणि जाड पांघरुणं आधी. निफाडकडून येणारी थंडी डिसेंबरात पाथर्डीलाही सोडत नाही. तेव्हा फ्रिज महिनाभर उशिरा आला तरी दूध टिकतं. गुढीपाडव्याला लावत असाल तर उलटं: फ्रिज आधी, गिझर पावसाळ्यानंतर. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा या दिवशी ऑफर असतात हे खरं, पण त्या आठवड्यात फिटिंगवाले मिळत नाहीत आणि वस्तू बॉक्समध्येच पडून राहते. वस्तूचा भाव आठवडाभर आधी विचारून ठेवा, म्हणजे ऑफर खरी किती ते कळेल.

शेगडी घेण्याआधी इमारतीत पाइपचा गॅस आहे का विचारा. पाइपच्या गॅसला शेगडीचे जेट वेगळे लागतात, ते बदलून घ्यावे लागतात. सिलिंडरच असेल तर जोडणीच्या डिपॉझिटची पावती जपा. जोडणी परत केली की ते पैसे मिळतात. रबरी नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षांनी ती बदलायची असते.

दुकानात कोणी "जीएसटी कमी झालाय, त्यामुळे फ्रिज स्वस्त" म्हणालं तर मान डोलावू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि डिशवॉशर यांच्यावरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. फ्रिज आणि वॉशिंग मशीनवर तो २०१८ पासूनच १८ टक्के आहे. आणि छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, वर वेगळा जीएसटी लावता येत नाही.

हप्त्यांवर घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा: "रोख दिले तर कितीला द्याल?" बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यात प्रोसेसिंग फी असते, कार्डावर असेल तर व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो, आणि रोखीची सूट हातची जाते. तीन मोठ्या वस्तूंचे हप्ते एकदम सुरू केले की घरभाड्याच्या तारखेला ओढाताण होते. घ्यायचाच तर एका वेळी एकच हप्ता घ्या, फ्रिजसारख्या रोज लागणाऱ्या वस्तूचा.

फर्निचर. भाड्याच्या घरात सुतारकाम करून घेऊ नका. लोखंडी पलंग सुटा करून नेता येतो, कपाटही. कपाट घेताना पत्र्याचा गेज विचारा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, २० चा पत्रा २२ पेक्षा जाड. दाराच्या मध्यावर अंगठ्याने दाबून बघा, पातळ पत्रा आत जाऊन टक् वाजतो. गादी घेण्याआधी पलंगाचं आतलं माप इंचात घ्या. लांबी ७२, ७५ आणि ७८ अशी तिन्ही मिळते, आणि तीन इंचांची फट रोज रात्री पायाशी जाणवते. कापसाच्या जुन्या गाद्या माहेरी पडून असतील तर पिंजून नव्या अभ्र्यात भरून घ्या. पाहुण्यांची सोय होते आणि जमिनीवर अंथरायला त्यासारखं काही नाही. भुश्याच्या दाबलेल्या बोर्डाचं टेबल-कपाट बाथरूमच्या भिंतीला लावू नका, ओल लागली की फुगतं. स्वतःच्या घरात किचन करून घेत असाल तर सिंकखालच्या भागापुरतं तरी आयएस ७१० शिक्क्याचं, पाणी सोसणारं प्लाय वापरा. वरच्या कपाटांना आयएस ३०३ पुरतं, तिथे जादा पैसे घालायची गरज नाही.

जुनं फर्निचर वाईट नसतं. अंबड-सातपूरला बदलीवर आलेली माणसं परत जाताना चांगल्या वस्तू विकतात. दिवसा उजेडात बघा, पलंगाच्या सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत ढेकणांचे काळे ठिपके शोधा, लाकडाखाली पिवळट भुकटी दिसली तर हात लावू नका. जुनी गादी मात्र कधीच घेऊ नका.

सोफा, टीव्ही, जेवणाचं टेबल, ओव्हन हे पहिल्या यादीत नाहीत. दोन महिने त्या घरात राहा. संध्याकाळी तुम्ही कुठे बसता, किती माणसं येतात, जेवायला खाली बसता की नाही, हे घरच सांगतं. ठेवलेल्या २६,००० चं तेव्हा ठरवा. भाच्याने त्यातून इन्व्हर्टर घेतला, कारण भाचेसूनबाईंची रात्रपाळी असते आणि दिवसा झोपताना पंखा बंद पडून चालत नाही. टीव्हीची आठवण दोघांनाही झाली नाही.

प्रत्येक बिल आल्या दिवशीच त्याचा फोटो काढा आणि झेरॉक्स करून ठेवा. छोट्या मशीनमधून निघालेल्या बिलाची शाई उडते. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे का बघा. काँप्रेसरवर दहा वर्षांची हमी असली तरी बाकीच्या फ्रिजवर बहुतेक वेळा एकच वर्ष असते, आणि गॅस भरायचे पैसे त्या हमीत धरलेत का हे बिल करण्याआधीच विचारा. सगळं एका फाइलमध्ये, वस्तूच्या मागचा सिरियल नंबर लिहून ठेवा. दुकान दाद देईना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तक्रार नोंदवताना हेच कागद उपयोगी पडतात.