स्प्लिट एसीसाठी स्वतंत्र वायर ओढून घ्यावी
सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दीड टनाचा स्प्लिट एसी तासन्‌तास चालतो. अशा वेळी खोलीतल्या जुन्या प्लगवरूनच त्याला वीज देणे धोक्याचे असते. आमच्या घरी तसे केले, तेव्हा पंधरवड्यातच प्लगच्या पिना तपकिरी पडल्या आणि सॉकेटमधून जळकट वास येऊ लागला.

म्हणून डीबीपासून (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीपासून) एसीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर स्वतंत्र ओढावी, तिला २० अँपिअरची ‘सी’ प्रकारची (एसी सुरू होतानाचा क्षणिक जास्त प्रवाह सोसणारी) एमसीबी, म्हणजे भार जास्त झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच, बसवावी आणि अर्थिंग खरोखर जोडलेले आहे की नाही, हे वायरमनकडून स्वतः समोर उभे राहून तपासून घ्यावे. एमसीबी वारंवार पडू लागली, म्हणजे आपोआप बंद होऊ लागली, तर तिच्या जागी जास्त अँपिअरची कधीही बसवू नये. वायर जळू नये म्हणूनच ती पडत असते. गच्चीवरच्या आउटडोअर युनिटकडे जाणारी केबल मध्ये जोड न देता अखंड असावी आणि उन्हापासून बचावासाठी पाइपातून न्यावी. टर्मिनलचे स्क्रू दर उन्हाळ्यापूर्वी, मेन स्विच बंद करून, वायरमनकडून आवळून घ्यावेत, कारण सैल जोडच सर्वांत आधी तापतो.