नव्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर डाग दिसले तर

नवा कॅमेरा घेतला, पहिल्याच आठवड्यात आभाळाचा फोटो काढला आणि त्यात करडे ठिपके दिसले, की पोटात गोळा येतो. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, पीस खराब निघालाय, आजच्या आज बदलून घे. दुसरा म्हणतो, काही नाही, आतला सेन्सर (लेन्सच्या मागे फोटो टिपणारी चिप) चष्म्याच्या कापडाने हलकेच पूस. पहिला सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि दुसरा हमखास महागात पडतो. मी गेली बारा-तेरा वर्षं स्वतःचे आणि मित्रांचे सेन्सर साफ करतोय. जेजुरीचा भंडारा, वारीतल्या रिंगणात उडणारी माती, कोकणातला दमट पावसाळा, सगळं माझ्या कॅमेऱ्यांमध्ये जाऊन आलंय. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगतो: डाग कसला आहे हे ठरल्याशिवाय लेन्स काढून आत हात घालू नका.

आधी डाग ओळखा

आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ १६, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवलेला. (आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश येण्याचं भोक; एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान.) निरभ्र आकाश, पांढरी भिंत किंवा लॅपटॉपवरचं कोरं पान जवळून टिपा. शटर मंद असलं तरी चालेल, उलट टिपताना कॅमेरा किंचित हलवा, म्हणजे भिंतीवरचे डाग पुसट होतात आणि सेन्सरवरचे तसेच राहतात. मग फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करून एका कोपऱ्यापासून ओळीने बघा.

कडा मऊ असलेला करडा ठिपका एफ १६ ला दिसतो आणि एफ ४ ला नाहीसा होतो, तर ती धूळ. ती खुद्द सेन्सरवर नसते, त्याच्या पुढच्या फिल्टरच्या काचेवर असते. अ‍ॅपर्चर मोठं असताना प्रकाश रुंद कोनातून येतो, कणाची सावली विरून जाते. अ‍ॅपर्चर लहान केलं की प्रकाशाची शलाका बारीक होते आणि सावली ठसठशीत पडते. म्हणून एफ २२ ला फोटो काढून डाग मोजत बसणाऱ्यांना माझं सांगणं असतं की तुम्ही एफ २२ वापरता का? नसाल वापरत, तर एफ ११ ला जे दिसतं तेवढंच खरं.

ठिपका अगदी गोल आणि भोवती उजळ कडं असेल, तर तो बहुधा तेलाचा किंवा द्रवाचा थेंब. वळवळीत रेघ म्हणजे धागा. आणि सुईच्या टोकाएवढा, कडा तीव्र असलेला लाल, निळा किंवा पांढरा बिंदू, जो अ‍ॅपर्चर बदललं तरी तसाच राहतो, तो हॉट पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही पेटणारा सेन्सरचा बिंदू. त्याला ब्लोअर (हवेचा झोत मारणारा रबरी फुगा) मारून काही होत नाही. बॉडी कॅप (लेन्सच्या जागी बसणारं झाकण) लावून आयएसओ १०० ला एक सेकंदाचा आणि मग ३० सेकंदांचा फोटो काढा. ३० सेकंदांच्या फोटोत रंगीत बिंदू जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात निघतात. सेन्सर तापतो, काही पिक्सेल आपोआप पेटतात, हा दोष नव्हे. ऑलिम्पस, फुजीफिल्म, पॅनासोनिक अशा कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत यासाठी मेन्यूतच पिक्सेल मॅपिंग किंवा पिक्सेल रिफ्रेशची, म्हणजे असे पिक्सेल शोधून झाकण्याची, सोय मिळते. ते एकदा चालवा. रात्रीच्या लांब एक्स्पोजरला नॉइज रिडक्शन चालू ठेवा, कॅमेरा तेवढ्याच वेळाचा काळा फोटो काढून ते बिंदू वजा करतो.

डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, डाग दिसतो पण फोटोत नाही? मग तो फोकसिंग स्क्रीनवर (आरशाच्या वरच्या काचेवर) किंवा आरशावर आहे. तिकडे ढुंकूनही बघू नका. दोन्हींवर ओरखडे फार सहज पडतात.

दुकानात परत कधी जायचं? भर दिवसा साध्या एक्स्पोजरला मॅपिंगनंतरही बिंदू दिसत असतील, पिक्सेलची अख्खी ओळ गेली असेल, किंवा डाग साफ केल्यावर पुन्हापुन्हा त्याच कोपऱ्यात जमत असतील तर. या शेवटच्या प्रकाराचं ठळक उदाहरण निकॉन डी ६०० चं. सप्टेंबर २०१२ मध्ये तो आला, आणि फोटोच्या वरच्या डाव्या भागात ठिपके साठतात अशा तक्रारी येऊ लागल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये डी ६१० आला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये निकॉनने डी ६०० ची मोफत तपासणी करून शटर बदलून देण्याचं जाहीर केलं. अशा वेळी घरी पुसत बसलात तर मूळ कारण तसंच राहतं. आणि परत करायचाच असेल, तर आत काहीही घालण्याआधी करा. स्वॉबचा (सेन्सर पुसायच्या चपट्या काडीचा) ओरखडा वॉरंटीत बसत नाही.

कोरडी सफाई

कॅमेऱ्यातली सेन्सर क्लीनिंगची सोय तीन-चारदा चालवा, कॅमेरा टेबलावर सरळ ठेवून. २००३ च्या ऑलिम्पस ई-१ पासून ही सोय आली, आणि सुट्या धुळीवर ती खरंच काम करते.

नाही गेलं तर रबरी ब्लोअर. मेन्यूतून मॅन्युअल क्लीनिंग लावा (म्हणजे सेन्सर उघडा राहतो), कॅमेऱ्याचं तोंड खाली करा, ब्लोअरचे पहिले चार-पाच झोत हवेत सोडा, मग नळीचं टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आत न नेता मारा. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचा एक कण धुळीच्या दहा कणांपेक्षा वाईट. डब्यातली दाबाची हवा नको, तिच्यातला वायू कधीकधी द्रवरूपात बाहेर पडतो आणि काचेवर वाळून बसतो. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी असतं. आणि मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) बंद केल्यावर ज्यांचा शटरचा पडदा मिटतो, त्यांनी त्या पडद्यावर झोत मारू नये. ती पाती कागदासारखी पातळ असतात.

दहापैकी आठ वेळा काम इथेच संपतं. पुन्हा चाचणीचा फोटो काढा आणि थांबा.

ओली सफाई: इथे चुकाल

चिकटलेला परागकण, तेलाचा थेंब, हळदीचा कण ब्लोअरने हलत नाही. तेव्हाच, आणि फक्त तेव्हाच, ओला स्वॉब.

माझी पहिली ओली सफाई मला अजून आठवते. हरिश्चंद्रगडावरून कोकणकड्याचे फोटो आणले होते, आभाळात सात डाग. स्वॉबवर सफाईच्या द्रवाचे पाच-सहा थेंब ओतले, कारण ‘ओलं असलं की ओरखडा पडत नाही’ असं कुणीतरी सांगितलं होतं. द्रव काचेवरून वाहून कडेच्या चौकटीला जमा झाला आणि भरती ओसरल्यावर वाळूवर उरते तशी रेघ मागे ठेवून वाळला. घाबरून दुसरा स्वॉब घेतला, तोही भिजवला. त्याने कडेचं वंगण उचललं आणि मधोमध आणून फासलं. सहा स्वॉब संपले तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि सात डागांच्या जागी अख्खा धुरकट पट्टा होता. दुसऱ्या दिवशी शांतपणे दोन स्वॉबमध्ये ते साफ झालं. बिघाड डागांमुळे झालाच नव्हता, तो माझ्या थेंबांनी आणि घाईने केला होता.

तेव्हा थेंबांपासून सुरू करू. स्वॉब सेन्सरच्या मापाचाच घ्या: फुल फ्रेम ३६ गुणिले २४ मिलिमीटर असतो, त्याला २४ मिलिमीटरचा. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरला १६ मिलिमीटरचा. स्वॉबची रुंदी म्हणजे सेन्सरची उंची, म्हणून एका फेरीत पूर्ण काच पुसली जाते. इअर बड आणि चष्म्याचं कापड या कामासाठी नाहीत. लहान स्वॉबला एक थेंब, मोठ्याला दोन. थेंब टोकाच्या कडेवर टाका आणि दहा-पंधरा सेकंद थांबा, म्हणजे तो कापडात पसरतो. हे थांबणं सगळे विसरतात. स्वॉब दमट हवा, ओलागच्च नको. तो पुढे सरकल्यावर मागे राहिलेला ओलावा दोन-तीन सेकंदांत उडून गेला, तर प्रमाण बरोबर.

द्रव सेन्सरसाठीचाच. त्यातले काही मिथेनॉलचे असतात, आणि मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असतं. खिडकी उघडी, पंखा बंद, देवघरातला दिवा विझलेला, मुलं दुसऱ्या खोलीत.

बॅटरी पूर्ण भरलेली हवी. डीएसएलआरमध्ये मधेच बॅटरी संपली तर आरसा स्वॉबवर आपटतो. बल्ब मोडवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं तो मोड) बटण दाबून धरण्याचा जुना सल्ला अजून फिरतो, तो पाळू नका. बोट सुटलं की शटरच गेलं.

आता फेरी. स्वॉब डाव्या कडेला टेकवा, जाण्याच्या दिशेने किंचित कलता. दाब किती, तर स्वॉबचं पातं जेमतेम वाकलेलं दिसेल एवढाच. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून सेन्सर तरंगता ठेवलेला असेल, तर त्याहून कमी. तीन सेकंदांत, एका गतीने, न थांबता उजव्या कडेपर्यंत. मधे थांबलात की तिथे रेघ उमटते. उजव्या कडेला उचला, दुसरी बाजू वापरून परत डावीकडे या. झालं, तो स्वॉब टाकून द्या. पैसे वाचवायला तोच पुन्हा फिरवलात, तर त्यावर अडकलेला वाळूचा कण तुमची काच घासणार. फिल्टरची काच कडक असते, पण तिच्यावरचा लेप तेवढा कडक नसतो.

फेरीनंतर चाचणीचा फोटो. डाग शोधताना एवढं लक्षात ठेवा: फोटोत वर डावीकडे दिसणारा डाग, कॅमेरा सरळ धरून समोरून आत बघितलं तर खाली डावीकडे असतो. वर-खाली उलटतं, डावं-उजवं तसंच राहतं. हे माहीत नसल्याने मी कितीतरी वेळ स्वच्छ कोपरा पुसत बसलो होतो.

पुसट पट्टे उरले असतील तर दुसरा स्वॉब, या वेळी अर्ध्या थेंबाचा. तीन स्वॉबनंतरही डाग हलला नाही, तर हात आवरा आणि कॅमेरा अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या. चौथ्या स्वॉबला माणूस दाब वाढवतो, आणि लेप तिथेच जातो. कोपऱ्यात एखादा फिका ठिपका उरला तर तो राहू द्या, एडिटिंगमध्ये दोन सेकंदांत जातो.

पुढे

लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली, दुसरी लेन्स हाताशी. बॉडी कॅप आणि लेन्सची मागची टोपी आधी झटका, निम्मी धूळ तिथूनच येते. पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत कोंडू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या.

सोमवतीला जेजुरीत भंडारा उधळायला लागला की मी लेन्स बदलतच नाही. एकच २४-७० ची झूम लेन्स लावून गड चढतो, आणि घरी आल्यावर लेन्स काढण्याआधी माउंटच्या भोवतीची हळद मऊ ब्रशने झाडून घेतो, कॅमेरा उलटा धरून.