टक्के कशाचे, ते आधी विचारा

पोलीस भरतीत माझी निवड पहिल्या खेपेला दोन गुणांनी हुकली. लेखी पेपर 100 प्रश्नांचा, 100 गुणांचा, वेळ 90 मिनिटं. मैदानी चाचणीत गुण चांगले होते, 800 मीटरसाठी वर्षभर पहाटे उठून धावले होते. उत्तरतालिका आली तेव्हा अभ्यासिकेत बसून एकेक उत्तर ताडून पाहिलं. अंकगणितातले चार प्रश्न चुकले होते, त्यातले तीन शेकडेवारीचे. तिन्ही ठिकाणी आकडेमोड बिनचूक होती. टक्के मात्र भलत्याच रकमेवर काढले होते.

नागपुरात सक्करदऱ्याकडच्या त्या अभ्यासिकेत आजही मुलंमुली याच जागी अडकलेली दिसतात, म्हणून हे लिहिते आहे. पाढे, भागाकार, लसावि-मसावि तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर आधी ते पक्कं करा. त्यातून सुटका नाही.

आता नीट बघा. संत्र्याचं एक क्रेट 400 रुपयांना होतं, ते 500 झालं. वाढ 100 रुपये, म्हणजे 400 च्या 25 टक्के. पुढच्या आठवड्यात भाव पुन्हा 400 वर आला. उतरले तेही 100 रुपयेच. पण या वेळी ते 500 मधून उतरले, म्हणून घट 20 टक्के. रुपये तेच, टक्के वेगळे, कारण मोजायला सुरुवात जिथून केली ती रक्कम बदलली. टक्का हा एकटा आकडा कधीच नसतो. त्याच्यामागे ‘अमक्याचे’ हा शब्द असतोच, प्रश्नात छापलेला असो वा नसो.

हे मला सांगितलं नव्हतं असं नाही. क्लासमध्ये सूत्र दिलं होतं: भाव 25 टक्क्यांनी वाढला आणि खर्च तेवढाच ठेवायचा असेल, तर वापर किती टक्क्यांनी कमी करायचा हे काढायला 25 ला 125 ने भागायचं आणि 100 ने गुणायचं. भाव घटला असेल तर 75 ने. तीन महिने मी ते घोकलं. परीक्षेत घड्याळाकडे बघत बसले तेव्हा 125 घ्यायचे की 75, हेच आठवेना. 75 घेतले, उत्तर आलं 33.33 टक्के, आणि पर्यायांत तेही छापलेलं होतं! पेपर काढणाऱ्याला आपली चूक आधीच ठाऊक असते. म्हणून ‘उत्तर पर्यायात सापडलं’ याला पुरावा समजू नका.

मला हे खरं समजावलं ते बाबांनी. कळमन्याच्या फळबाजारात ते अडत्याकडे हिशेब लिहायचे, शिक्षण सातवी. आंबिया बहाराचे दिवस होते, घरात संत्री होतीच. त्यांनी फरशीवर चार संत्री ओळीत मांडली आणि म्हणाले, ‘हा जुना भाव. यात पाव वाढव.’ मी पाचवं संत्रं ठेवलं. ‘आता किती झाला?’ ‘सव्वापट.’ ‘मंग आता जुन्या भावावर ये.’ मी एक संत्रं उचललं. ‘कितीतलं एक उचललंस?’

पाचातलं एक. 20 टक्के. खर्च तेवढाच ठेवायचा तर वापरही तेवढाच, पाचातला एक भाग, कमी करायचा. चारावर एक वाढवणं आणि पाचातून एक काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या फरशीवर दिसलं. त्यानंतर 125 की 75 हा प्रश्न मला पडला नाही.

बाबांना लहानपणी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, निम्मे, सव्वा, दीड यांचे पाढे, पाठ करायला लावली होती. माझं ठाम मत आहे की ती आपण सोडली हे आपलं नुकसान झालं. पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द आपण रोज बोलतो. 25 टक्के म्हणजे पाव, 75 म्हणजे पाऊण, 150 म्हणजे दीडपट. एवढं डोक्यात बसलं की शेकडेवारी परकी वाटत नाही.

हाच सापळा लोकसंख्येच्या प्रश्नात येतो. जनगणनेनुसार नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 40,67,637 होती, 2011 मध्ये 46,53,570. वाढ 5,85,933. ती 2001 च्या आकड्याने भागली तर सुमारे 14.4 टक्के येते, 2011 च्या आकड्याने भागली तर 12.6. बरोबर उत्तर 14.4, कारण वाढ नेहमी आधीच्या आकड्यावर मोजतात. नफा-तोट्यातही वेगळं काही सांगितलं नसेल तर टक्के खरेदी किमतीवर. आणि 1000 ची वस्तू 20 टक्क्यांनी वाढवून मग 20 टक्के सूट दिली तर ती 960 ला जाते. दुसरे 20 टक्के 1200 चे होते.

ट्रिक वाईट असते असं मी म्हणत नाही. 90 मिनिटांत 100 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद, ट्रिक लागतेच. पण जी ट्रिक तुम्हाला कागदावर चौकोन काढून सिद्ध करता येत नाही, ती परीक्षेत वापरू नका. आणि ‘का’ विचारल्यावर चिडणाऱ्या सरांकडे फी भरू नका, मग बर्डीच्या क्लासेसमध्ये त्यांचं नाव कितीही मोठं असो. माझं एक वर्ष त्यात गेलं. घरच्यांना तोंड दाखवायला नको वाटायचं.

तुम्हीही आत्ता त्या अवस्थेत असाल तर एवढं ऐका: गणित कच्चं आहे म्हणजे डोकं कच्चं आहे असं नाही. माझं एकच गणित चुकत होतं, तीनदा. ते सापडल्यावर दुसऱ्या खेपेला निवड झाली. आपले चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवा आणि प्रत्येकाखाली फक्त ‘टक्के कशाचे?’ याचं उत्तर लिहा. पंधरा दिवस कंटाळा येईल. येऊ द्या.

मागच्या रविवारी अभ्यासिकेत एका मुलीला विचारलं, ‘भाव 50 टक्क्यांनी वाढला, तर वापर किती टक्क्यांनी कमी करायचा?’ तिचा हात आधी सूत्राकडे गेला. मग थांबली, वहीच्या कोपऱ्यात दोन चौकोन काढले, शेजारी तिसरा काढला, आणि बराच वेळ त्या तीन चौकोनांकडे बघत राहिली. ‘ताई, तीनातला एक?’