हुआन कार्लोसची कारकीर्द वाचायचीय? मग जन्मापासून सुरू करू नका

स्पेनचा माजी राजा हुआन कार्लोस याच्याबद्दल नेटवर शोधलं की दोनच टाइपचं मटेरियल मिळतं, एकात तो लोकशाहीचा तारणहार आणि दुसऱ्यात हत्तीच्या शिकारीला गेलेला, पैशांच्या भानगडीत अडकलेला म्हातारा. ज्यांना खरंच समजून घ्यायचंय, मग परीक्षेसाठी असो की नुसती हौस, त्यांनी एक करा: प्रत्येक घटनेपुढे लिहा की त्या दिवशी कागदावर राजाच्या हातात होतं काय.

जन्म, शिक्षण, लग्न सगळं आधी बाजूला ठेवा. वहीत पहिली तारीख टाका २२ नोव्हेंबर १९७५, स्पेनचा हुकूमशहा फ्रँको २० तारखेला वारला आणि दोन दिवसांनी हा गादीवर बसला. दुसरी तारीख २९ डिसेंबर १९७८, नवी राज्यघटना लागू. मधली तीन वर्षं हातात खरी सत्ता, पुढची पस्तीस बहुतेक सह्या आणि समारंभ. हे दोन्ही एकाच सुरात सांगणारे लेख वाचले की घोळ होणारच.

आता मागे जा, पण थोडंच. आजोबा, म्हणजे तेव्हाचे राजे अल्फोन्सो तेरावे, १९३१ मध्ये देश सोडून गेले. फ्रँकोने १९४७ मध्ये कायदा करून स्पेन ही राजेशाही असल्याचं जाहीर केलं पण राजा काही बसवला नाही, स्वतःच तहहयात कारभारी, आणि १९६९ मध्ये वारस नेमला तो हुआन कार्लोस, म्हणजे वडील डॉन हुआन पोर्तुगालात धडधाकट असताना त्यांना डावलून! वडिलांनी हक्क सोडला तो थेट मे १९७७ मध्ये. तोवर मुलाकडे फ्रँकोने दिलेलीच वैधता होती, आणि फ्रँकोच्या राजवटीच्या तत्त्वांची शपथ पण घेतलेली. हे लक्षात ठेवलं नाही तर पुढचा डाव कळणारच नाही.

इथे मात्र घाई नको. जुनी राजवट पाडायची कशी, तर तिच्याच कायद्यातून. याचं डोकं होतं तोर्क्वातो फर्नांदेझ-मिरांदा, राजाचे जुने शिक्षक, ज्यांना राजाने संसदेचं अध्यक्षपद मिळवून दिलं. पंतप्रधान नेमायला राजाला एका मंडळाने सुचवलेल्या तीन नावांतूनच निवड करावी लागायची आणि त्या मंडळाचे प्रमुखही हेच, त्यामुळे जुलै १९७६ मध्ये यादीत आदोल्फो सुआरेझ हे नाव बरोब्बर आलं. मग नोव्हेंबरात फ्रँकोच्याच संसदेने ४२५ विरुद्ध ५९ मतांनी स्वतःला निकालात काढणारा कायदा पास केला, डिसेंबरात सार्वमत, एप्रिल १९७७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाला परवानगी, जूनमध्ये निवडणूक. माझ्या मते राजाचं सगळ्यात मोठं काम हेच, पण यात बंदूक नाही की टीव्ही नाही म्हणून लोक दोन ओळीत उरकतात.

त्यानंतर घटनेची फक्त दोन कलमं वाचा, ५६ आणि ६४. स्पेनच्या सरकारी राजपत्राच्या साइटवर इंग्रजीत फुकट मिळतात. राजावर खटला चालत नाही, आणि त्याच्या कामकाजाच्या सहीखाली पंतप्रधानाची किंवा मंत्र्याची सही लागते, जबाबदारी त्यांची. पुढचं सगळं या दोन कलमांतून निघतं.

२३ फेब्रुवारी १९८१, म्हणजे फसलेल्या लष्करी बंडाच्या दिवसासाठी वेगळं पान घ्या आणि तारखेऐवजी घड्याळ लिहा. संध्याकाळी साधारण साडेसहाला लेफ्टनंट कर्नल तेहेरो शिपाई घेऊन संसदेत घुसला, तिकडे वालेन्सियात रणगाडे रस्त्यावर, आणि राजाचं टीव्हीवरचं भाषण आलं रात्री एकनंतर, लष्करी गणवेशात. मधल्या तासांत तो सेनाधिकाऱ्यांना फोन करत होता. टीका करणारे नेमके याच तासांवर बोट ठेवतात, कारण कटातला जनरल आर्मादा हा राजाच्या जुन्या खास माणसांपैकी. दोन्ही बाजू वाचा, पण इथेही तोच प्रश्न विचारा: घटनेने तो सेनेचा सरसेनापती होता, पण सरकार तर संसदेत ओलीस, मग आदेशाखाली सही कुणाची घेणार?

१९८२ ते २००७ भराभर पुढे जा. समाजवादी सत्तेत आले, १९८६ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश, १९९२ बार्सिलोना ऑलिंपिक, २००७ मध्ये व्हेनेझुएलाचे अध्यक्ष चावेझ यांना सगळ्यांसमोर 'गप्प का बसत नाहीस' म्हणणं. (हा शेवटचा किस्सा यूट्यूबवर धमाल आहे, इतिहास म्हणून फारसं वजन नाही.)

एप्रिल २०१२ ला परत स्पीड कमी करा. देशात बेकारी शिगेला आणि राजा बोट्स्वानात हत्तींच्या शिकारीला, तिथे कंबरेचं हाड मोडलं म्हणून बातमी फुटली, मग हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये चार शब्दांत माफी. जावयाचं घोटाळा प्रकरण तेव्हा चालूच होतं. १९ जून २०१४ ला गादी मुलगा फेलिपेकडे गेली.

ही तारीख वहीत लाल पेनने लिहा. त्याआधीच्या कृत्यांना संरक्षण, नंतरच्यांना नाही, त्यामुळे पैशांच्या प्रत्येक बातमीत आधी बघा की व्यवहार कधीचा आहे. मार्च २०२० मध्ये फेलिपेने वडिलांच्या वारशावर पाणी सोडलं, ऑगस्टमध्ये म्हातारा अबुधाबीला गेला, आणि २०२२ मध्ये स्पेनच्या सरकारी वकिलांनी फाइल बंद केली. का, तर काही व्यवहार राजेपणाच्या काळातले, काहींची मुदत संपलेली, काहींत पुरावा अपुरा, आणि थकलेला कर त्याने नंतर भरून टाकलेला. म्हणून नोट्समध्ये याला 'क्लीन चिट' लिहू नका, चारही कारणं वेगवेगळी लिहा.