‘आय’, ‘ही’, ‘दे’च्या पुढे घसरणारं इंग्रजी: या चुका टाळा

“सर, आय ॲम बोअरिंग,” असं वर्गात कुणी म्हणालं की मी हल्ली “दिसतंय” एवढंच म्हणतो. संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात दर बॅचला हे वाक्य येतंच. खरं तर हसायचा हक्क मला नाही. पहिल्या मुलाखतीत मीच छाती फुगवून म्हणालो होतो, “आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब.” समोरच्या बाईंनी चष्मा काढला. “असं? मग सांगा काहीतरी मजेदार.” मी घाबरून घरचा पत्ता सांगितला.

गंमत म्हणजे हा फरक मराठीत आहेच. कंटाळवाणा तो बोअरिंग, कंटाळलेला तो बोअर्ड. गोंधळात टाकणारा कन्फ्यूजिंग, गोंधळलेला कन्फ्यूज्ड. ‘आय ॲम’च्या पुढे असा शब्द टाकण्याआधी मी मनात ‘लेला’ लावून बघतो. बसला तर शेवटी ‘ईडी’. ‘इंटरेस्टेड’ला ‘लेला’ बसत नाही, पण तिथे त्या बाईंचा चष्मा आठवतो.

दुसरी डोकेदुखी ‘ॲम’. ‘मला माहीत आहे’, ‘मला मान्य आहे’ यांतला ‘आहे’ सुटत नाही, म्हणून ‘आय ॲम नो’, ‘आय ॲम ॲग्री’. अहो, नो आणि ॲग्री स्वतःच क्रियापदं आहेत, त्यांना टेकू कशाला? आय नो, आय ॲग्री. रेडी, हंग्री, शुअर ही विशेषणं. त्यांना ॲम, इज, आर हवंच. शब्द कोणत्या जातीचा हे कोशात बघायला अर्धं मिनिट लागतं. “ग्रामर नको सर, डायरेक्ट बोलायला शिकवा” म्हणणाऱ्यांकडे नेमकं तेवढंच नसतं.

‘ही डझन्ट नोज’ नको. एस डझने आधीच घेतलाय: ही डझन्ट नो. ‘डिड यू वेंट’चं तेच: डिड यू गो.

एव्हरीवन इज. आर नाही.

वडिलांबद्दल बोलताना आदरापोटी ‘दे आर इन बँक’ म्हणू नका, ऐकणारा दुसरे वडील शोधतो. इंग्रजीत वडीलही ‘ही’च.

‘यू’पुढे मात्र समोर एकच माणूस असला तरी आर आणि वेअर. आपण एकट्यालाही ‘तुम्ही आहात’ म्हणतो, तसंच. इंग्रजीत ‘तू’साठी ‘दाऊ’ होतं; ते रोजच्या बोलण्यातून गेलं आणि मूळचं अनेकवचनी ‘यू’ सगळ्यांना पुरलं.

आणि विशेषणाला अनेकवचन नसतं. उंच मुलगा, उंच मुलं, दोन्हीकडे टॉल. परवा एकाने ‘दे आर टॉल्स’ लिहून दिलं. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीचा त्याचा म्हणे एकविसावा दिवस होता.