दुकानाच्या नावाचा माल की नामांकित ब्रँड: तुलना कशी करावी

सुपरमार्केटने स्वतःच्या नावाने विकलेला माल नामांकित ब्रँडच्या तोडीचा असतो का, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही, आणि तसे उत्तर मनाशी बांधून खरेदी करणारा ग्राहक कुठे ना कुठे तोटा सहन करतो. ब्रँडशिवाय काही घ्यायचेच नाही असे ठरवणारा मीठ-साखरेसारख्या वस्तूंवर विनाकारण जास्त पैसे घालवतो. जे स्वस्त तेच घ्यायचे असे ठरवणारा सॉसच्या बाटलीत टोमॅटोऐवजी साखर आणि पाणी विकत घेऊन येतो. तुलना वस्तूगणिकच करावी लागते. त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती पाकिटावर छापलेली असते. ती कुठे पाहावी आणि कोणत्या टप्प्यावर पाकीट बाजूला ठेवून स्वतःच्या जिभेवर भरवसा ठेवावा, एवढे समजले की काम सोपे होते.

दुकानाच्या मालाची किंमत कमी का असते, हे आधी पाहू, कारण स्वस्त म्हणजे हलके हा ग्रह तिथेच सैल होतो. ब्रँडच्या किमतीत जाहिरातींचा, विक्री प्रतिनिधींचा, नवी उत्पादने विकसित करण्याचा आणि पुष्कळदा फळीवर जागा मिळावी म्हणून खुद्द दुकानालाच द्याव्या लागणाऱ्या रकमेचा खर्च धरलेला असतो. सुपरमार्केटला स्वतःच्या मालासाठी यातले बरेच काही करावे लागत नाही. जागा त्याचीच असते आणि गिऱ्हाईक आधीच दुकानात आलेले असते. सुपरमार्केट एखाद्या कारखान्याला मोठी मागणी देते, माल कसा हवा याचा तपशील लिहून देते आणि त्यावर आपले वेष्टण चढवून घेते. म्हणजे किमतीतल्या फरकाचा एक भाग दर्जाशी संबंधित नसतो. दुसरा भाग मात्र असू शकतो, कारण त्या लेखी तपशिलात महाग घटकाचे प्रमाण कमी धरले असेल, तर त्यामुळेही किंमत उतरते. आपल्या हातातल्या पाकिटाला यांपैकी कोणते कारण लागू पडते, हे शोधून काढणे म्हणजेच तुलना करणे होय.

दोन्ही माल एकाच कारखान्यात तयार होतात, तेव्हा आत तेच असते, असे छातीठोकपणे सांगणारे अनेक जण भेटतात. यातला पहिला भाग खरा असू शकतो, पण त्यावरून दुसरा भाग सिद्ध होत नाही. एकाच यंत्रावर सकाळी एका पाककृतीचा आणि दुपारी दुसऱ्या पाककृतीचा माल काढता येतो, आणि पाककृती कोणती हे मागणी देणारा ठरवतो. खाद्यपदार्थांच्या वेष्टणावर काय असावे याविषयी कोडेक्स आलिमेंतारिउस या आंतरराष्ट्रीय आयोगाचे १९८५ सालचे सर्वसाधारण मानक आहे. त्यानुसार उत्पादक, पॅकिंग करणारा, वितरक किंवा विक्रेता यांपैकी कोणाचेही नाव व पत्ता दिला तरी चालतो, आणि म्हणूनच दुकानाच्या मालावर बहुधा दुकानाचेच नाव दिसते. कारखाना आणि बॅच ओळखता येईल अशी खूण मात्र त्याच मानकानुसार असावी लागते. दोन पाकिटांवरील कारखान्याची खूण जुळली, तर छप्पर एक आहे एवढेच कळते. डब्यात काय भरले आहे, ते घटकांच्या यादीतूनच शोधावे लागते.

पहिला प्रश्न: ही वस्तू एका पदार्थाची आहे की पाककृतीची?

वस्तूंची ही विभागणी केली की निम्मे काम होते, असे माझे मत आहे. मीठ, साखर, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, मैदा यांसारख्या वस्तूंमध्ये मुळात एकच पदार्थ असतो आणि तो कसा असावा याची मर्यादाही ठरलेली असते. कोडेक्सच्या मानकानुसार खाण्याच्या मिठात, मिसळलेली द्रव्ये वगळून, कोरड्या वजनाच्या किमान ९७ टक्के सोडियम क्लोराइड असावे लागते. पांढऱ्या साखरेची शुद्धताही ध्रुवणमापनाने, म्हणजे तिच्या द्रावणातून प्रकाश पाठवून मोजल्यास, किमान ९९.७ अंश भरावी लागते. इतक्या अरुंद जागेत ब्रँडला वेगळे काही करून दाखवायला वावच उरत नाही. दाण्यांचा आकार, मिठातले आयोडीन आणि पाकिटाचे झाकण एवढे पाहून दुकानाचा माल निःशंकपणे घ्यावा.

ज्यांना आतला माल कळतो, ते काय विकत घेतात, हेही पाहण्यासारखे आहे. चार अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ग्राहकांची डोकेदुखीच्या औषधांची खरेदी तपासली. सर्वसामान्य ग्राहक २६ टक्के वेळा नामांकित ब्रँड निवडत होते, तर फार्मासिस्ट स्वतःसाठी फक्त ९ टक्के वेळा. मीठ-साखरेसारख्या सामानाच्या बाबतीतही व्यावसायिक आचाऱ्यांच्या खरेदीत ब्रँडचा वाटा त्यांच्यासारख्याच इतर ग्राहकांपेक्षा १२ टक्के अंकांनी कमी होता. डोकेदुखीच्या साध्या गोळीबाबत हे समजण्यासारखे आहे: सक्रिय घटक, त्याची मात्रा आणि गोळीचा प्रकार जुळला की दोन्ही गोळ्या तेच काम करतात. गोळीतले इतर घटक वेगळे असू शकतात, त्यामुळे कशाची अ‍ॅलर्जी असेल तर तेवढे वाचावे; आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध बदलायचे असल्यास त्यांनाच विचारावे.

पाककृतीच्या वस्तूंचे तसे नाही. सॉस, बिस्किटे, चॉकलेट, सूप, आइस्क्रीम, तयार जेवण यांत घटकांची निवड, त्यांचे प्रमाण आणि बनवण्याची रीत या तिन्हींमुळे फरक पडतो. खरी तुलना इथे करायची असते.

दोन लेबले शेजारी धरून वाचणे

कोडेक्सच्या मानकानुसार घटकांची यादी, माल बनवताना वापरलेल्या वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जो घटक सर्वांत जास्त, तो पहिला. टोमॅटो सॉसच्या दोन बाटल्या घेऊन पाहू. समजा, एकीवर टोमॅटो, व्हिनेगर, साखर, मीठ, मसाले असा क्रम आहे आणि दुसरीवर पाणी, साखर, टोमॅटो पेस्ट, व्हिनेगर, मक्याचा स्टार्च, मीठ असा. दुसऱ्या बाटलीत टोमॅटो तिसऱ्या जागी आहे म्हणून ती लगेच खाली ठेवू नये, कारण पेस्ट म्हणजे पाणी आटवून घट्ट केलेला टोमॅटो. थोड्या पेस्टमध्येही पुष्कळ टोमॅटो असतो. काही बाटल्यांवर शंभर ग्रॅम सॉससाठी किती ग्रॅम टोमॅटो वापरला ते लिहिलेले असते. दोन्ही बाटल्यांवर हा आकडा असेल तर वाद तिथेच मिटतो. तो नसेल तर स्टार्चकडे पाहावे. टोमॅटो भरपूर असेल तर सॉस स्वतःच्या गरानेच दाट होतो. स्टार्च किंवा डिंकासारखे दाटपणा आणणारे घटक घालावे लागले असतील, तर गर कमी असण्याची शक्यता मोठी आहे. त्यानंतर पोषण तक्त्यात शंभर ग्रॅममागे साखर आणि मीठ किती ते पाहावे. हे आकडे दर शंभर ग्रॅमचेच घ्यावेत, कारण 'एका वेळचे प्रमाण' पुष्कळदा उत्पादक आपल्या सोयीने ठरवतो आणि ते लहान धरले की साखरही कमी दिसते.

हीच रीत इतर वस्तूंना लावताना, ज्या घटकासाठी आपण पैसे मोजतो त्याची टक्केवारी शोधावी: मांसाच्या पदार्थात मांसाची, शेंगदाण्याच्या बटरमध्ये शेंगदाण्यांची, फळांच्या जॅममध्ये फळाची. वस्तूचे अधिकृत नावही वाचावे. ते बहुधा बारीक अक्षरांत असते, पण मोठ्या अक्षरांतल्या नावापेक्षा जास्त प्रामाणिक असते. दुधाचे नसलेले साधे चॉकलेट म्हणवून घेण्यासाठी कोडेक्सच्या मानकानुसार कोकोचे एकूण घन पदार्थ किमान ३५ टक्के असावे लागतात; कोको बटरऐवजी मुख्यतः दुसरे वनस्पती तेल वापरून केलेल्या वडीला वेगळे नाव द्यावे लागते. फळांचा रस आणि पाणी-साखर मिसळून केलेले नेक्टर हेही असेच दोन वेगळे पदार्थ आहेत. रसाची नेक्टरशी तुलना करून किंमत कमी म्हणून समाधान मानणे ही तुलना नव्हे.

एकाच दुकानाच्या मालातही पायऱ्या असतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फ्रान्समधल्या कार्फूर या सुपरमार्केट साखळीने १९७६ साली साध्या पांढऱ्या वेष्टणातला बिननावाचा माल आणला. दुकानाचा माल म्हणजे सर्वांत स्वस्त आणि साधा, ही समजूत अशाच मालामुळे रुजली. पण कॅनडातल्या लोब्लॉ या सुपरमार्केट साखळीने १९८४ साली प्रेसिडेंट्स चॉइस हे नाव सुरू केले ते मुळात दर्जाच्या जोरावर विकण्यासाठी. आज अनेक सुपरमार्केटांत मूलभूत, मधली आणि उंची अशा तीन पायऱ्या मिळतात. ब्रँडच्या नेहमीच्या मालाची तुलना मधल्या पायरीशी करावी. तळाच्या पायरीवरची वस्तू चाखून दुकानाच्या सगळ्याच मालावर फुली मारणे अन्यायाचे आहे, आणि उंची पायरीवरची वस्तू कधीकधी ब्रँडपेक्षा महागही असते.

हाती किती लागते, तेही मोजावे

किंमत पाकिटाची पाहू नये. एका किलोची, लिटरची किंवा नगाची पाहावी. पाकिटे सारख्या उंचीची दिसतात आणि एकात ५०० ग्रॅम, दुसऱ्यात ४५० ग्रॅम असते. द्रवात बुडवलेल्या डबाबंद पदार्थांत एकूण वजनाला फारसा अर्थ नसतो. निथळलेले वजन वेगळे लिहिलेले असते, त्यावरच भाव काढावा.

कपडे धुण्याच्या पावडरीत ही चूक सर्वांत महाग पडते. समजा, दोन्ही पाकिटे एक किलोची आहेत. पहिल्यावर दर धुण्याला ५० ग्रॅम पावडर सांगितली आहे, म्हणजे २० धुणी होतील; दुसऱ्यावर ८० ग्रॅम, म्हणजे साडेबारा. दुसऱ्या पाकिटाची किंमत पहिल्याच्या ६२.५ टक्क्यांहून कमी असेल तरच ते खऱ्या अर्थाने स्वस्त ठरते. डाग तितकेच निघतात का, हा त्यापुढचा प्रश्न. तो घरी सारखेच मळलेले कपडे वेगवेगळे धुऊन पाहिल्याशिवाय सुटत नाही. कागदी रुमालांच्या बाबतीत थर, आकार आणि संख्या तिन्ही पाहावे लागतात, कारण पातळ रुमाल एकाऐवजी दोन वापरले जातात.

शेवटची कसोटी: नाव झाकून चव

चवीचा निर्णय पाकीट समोर ठेवून कधीही करू नये. ओळखीचे नाव दिसले की जीभ त्या नावाच्या बाजूने झुकते. हा कोणाचा दोष नाही, मन असेच चालते. अन्न उद्योगातील चव-तपासणीत वापरली जाणारी त्रिकोणी चाचणी घरीही सहज करता येते. एकसारख्या तीन वाट्या घ्याव्यात. दोहोंत एक माल आणि तिसरीत दुसरा माल, सारख्याच प्रमाणात आणि सारख्याच तापमानाला, घरातल्या दुसऱ्या कोणी तरी भरावा. चाखणाऱ्याने फक्त वेगळी वाटी कोणती ते सांगायचे, आवडती कोणती ते नाही. तोंड पाण्याने धुऊन, वाट्यांचा क्रम आणि जोडी बदलून हे पाच वेळा करावे. नुसत्या अंदाजाने एका वेळी बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, पण पाचांपैकी किमान चार वेळा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता पाच टक्क्यांहूनही कमी असते. म्हणून चार किंवा पाच वेळा वेगळी वाटी ओळखता आली, तर फरक खरा आहे असे धरावे. मग नावे झाकलेलीच ठेवून कोणती जास्त आवडते ते ठरवावे. ओळखता आलीच नाही, तर ब्रँडसाठी जास्त पैसे देण्याचे चवीपुरते तरी कारण उरत नाही. पदार्थ ज्यात घालून खायचा असेल त्यात घालूनच चाखावा. भाजीत मिसळायच्या सॉसची परीक्षा चमच्याने नुसता चाटून घेणे व्यर्थ आहे.

ब्रँड घेणेच योग्य, असेही प्रसंग येतात आणि ते मोकळेपणाने मान्य करावेत. एखादी विशिष्ट चव हेच त्या वस्तूचे सर्वस्व असेल, किंवा घरातले लहान मूल वा आजारी माणूस दुसरे काही खातच नसेल, तर आकडेमोड बाजूला ठेवावी. ब्रँड सहसा आपली चव वर्षानुवर्षे जपतो; दुकान मात्र पुरवठादार बदलू शकते, आणि मग त्याच नावाखाली पाककृतीही बदलते. त्यामुळे दुकानाचा माल एकदा पसंत पडला तरी वेष्टण नवे दिसताच, किंवा कारखान्याची खूण बदललेली दिसताच, घटकांची यादी पुन्हा वाचावी. ज्यांच्या घरी कोणाला शेंगदाणे, दूध किंवा गहू चालत नाही, त्यांनी तर ती प्रत्येक खरेदीला वाचावी, ब्रँडचा माल असला तरीही.

पसंत पडलेल्या वस्तूंचा दर किलोचा किंवा दर नगाचा भाव एका वहीत टिपून ठेवावा. ब्रँडवर मोठी सवलत लागते तेव्हा त्याचा भाव दुकानाच्या मालापेक्षा खाली उतरला आहे का, हे वहीतल्या आकड्याशी ताडून पाहता येते. खोडलेल्या जुन्या किमतीवरून ते कळत नाही.