रात्री उशाशी पाणी ठेवताय ना, मग नीट ठेवा

रात्री अडीचला घसा कोरडा पडून जाग येते, जीभ टाळूला चिकटलेली, आणि मग एकतर तसंच कूस बदलत पडायचं नाहीतर उठून लाईट लावून किचनपर्यंत जायचं, परत येईपर्यंत झोप पार उडालेली. उशाशी पाणी ठेवायचा खरा फायदा हाच, डोळे अर्धवट मिटलेले असतानाच दोन घोट घ्यायचे आणि परत आडवं व्हायचं. घरात वयस्कर माणूस असेल तर अंधारात उठून धडपडायचा एक चान्स कमी होतो, हे तर फारच महत्त्वाचं. बाकी झोपताना पाणी प्यायलं की हार्ट अटॅक टळतो वगैरे फॉरवर्ड येतात ते सोडून द्या, त्याला काही आधार नाही.

झोपेत लाळ मुळातच कमी सुटते, त्यात नाक चोंदलंय, तोंड उघडं टाकून घोरताय, वर एसी किंवा हीटर चालू, मग घसा सुकणारच. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीपण तोंड कोरडं पडतं.

आता भांडं. उघडा ग्लास नको. मी बरीच वर्षं ग्लासच ठेवायचो, एकदा चाचपडताना हात लागला आणि चष्मा, मोबाईल, चार्जर सगळ्यांची आंघोळ झाली. शिवाय रात्रभर उघड्या पाण्यात धूळ पडते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळून चवपण शिळी लागते. एका हाताने उघडेल अशी झाकणाची बाटली घ्या, फिरकीचं झाकण अंधारात हातातून सुटलं की थेट पलंगाखाली जातं. जागा रोज तीच, हात सहज पोचेल अशी, आणि प्लगच्या बोर्डपासून लांब.

बाटली रोज साबणाने घासायची, नुसती विसळून चालत नाही. विश्वास बसत नसेल तर झाकणातली रबरी रिंग काढून बघा, आत बुळबुळीत काळपट थर दिसला की कळेल मी काय म्हणतोय ते.

प्यायचं किती तर घोट-दोन घोट. अर्धी बाटली रिकामी केली तर तासाभराने बाथरूमसाठी उठावंच लागणार, म्हणजे सगळी मेहनत वाया, त्यामुळे पाण्याचा कोटा दिवसाच पुरा करा. आणि पिताना उठून बसा, आडवं पडून ठसका लागतो. गोळी घ्यायची असेल तर नक्कीच बसून, भरपूर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, काही गोळ्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करतात.

किडनी किंवा हार्टमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर हे घोटही त्यातच धरा. आणि रोज रात्री तीन-चारदा तहानेने जाग येतेय, लघवीपण खूप होतेय, तर मोठी बाटली आणण्याआधी शुगर चेक करा.

सकाळी उरलेलं झाडांना घाला, त्यातच नवीन भरून पुढच्या रात्रीला ढकलू नका.